ड्रम अँड बासचं तिखट

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगते. ज्या पोरीचं भलं करायला गेले, तिचं जमत आलेलं लग्न मी माझ्याच घरात बसून मोडत आणलं होतं!

आमच्या केनवड गावात माझ्या भिंतीला लागून रुबीनाभाभीचं घर. त्यांची अल्फिया शिकलेली, गुणाची, पण एक नाद भारी. ड्रम अँड बास! विलायती गाणी हो. दर शुक्रवारी नवीन निघतात म्हणे. ही ती स्पीकरवर ऐकते आणि मग मोबाईलवर लोकांना सांगते, याचा बास गोल, त्याचा खरखरीत, याचा ड्रम ताजा, त्याचा शिळा. आणि लोक ऐकतातही!

एकदा मी विचारलं, "काय वं, कसं ओळखतं तू? मले तर सारे सारखेच वाटतात."

"काकू, बास कानानं नाही, पोटानं ऐका."

ऐकला बाई. वर ड्रम असा सुटलेला, जसं सोयाबीनचं थ्रेशर कुत्रं मागं लागल्यावाणी पळतंय. आणि खालून बास, जशी पोटात म्हैस उठून उभी राहिली!

भिंतीपलीकडून मात्र फक्त धडधड येते. त्या धडधडीनंच मागचं स्थळ गेलं. कोणीतरी सांगितलं, पोरगी घरात डीजे लावते. म्हणून या वेळी रुबीनाभाभीनं माझा हात धरला.

"वहिनी, वाशिमचं स्थळ हाय, लय चांगले लोक हायेत. चौकशीले तुमच्याकडंच येतीन. सांभाळून घेजा."

आमच्याकडं असंच असतं. पोरीच्या घरी नंतर, शेजारणीकडं आधी! एवढं मोठं काम माझ्यावर आलं, मी तर फुगलेच.

आणि आल्या की दोघी! मुलाची आई आणि मावशी. न सांगता. तेही शुक्रवारी!

पाणी दिलं, चहा दिला. आईनं विचारलं, "बहनजी, लडकी कैसी है?"

मी म्हटलं, "लडकी तो एकदम गाय…" आणि भिंत बोलली. धड-धडधड! धड-धडधड! मांडणीवरच्या वाट्या नाचायला लागल्या.

"या अल्ला! ये क्या है?" मावशीनं छातीवर हात ठेवला.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? तोंडाला आलं ते बोलले. "ते… मिरची कांडप हाय! पोरीनं यंत्र घेतलं. घरबसल्या धंदा. लय मेहनती!"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मला वाटलं, खूश झाल्या.

मग आईनं नाक वर करून हुंगलं. "मिर्ची कुट रही? फिर ठसका कैसे नहीं आ रहा?"

खरंच की! मिरची कांडली की अख्खी गल्ली खोकते. मग काय, मीच खोकले. पदर नाकाला लावून असं खोकले की माझी मलाच काळजी वाटली. "तुमाले नाही लागून राह्यला? मले तर… खॉक… रोजचंच!"

तेवढ्यात धडधड बंद. नुसता बास घरघरत राहिला आणि वर एक बाई लांब सूर काढून गायला लागली.

"अब क्या हुआ?" मावशी.

"मिरच्या सरल्या. दुसऱ्या भरून राह्यली."

"और ये गा कौन रही?"

"तेच! कांडता कांडता गाते. जुन्या बाया जात्यावर गात नोत्या का?"

"अंग्रेजी में?"

"शिकेल हाय न बाई पोरगी!"

आणि मग, अरे देवा! या नव्या गाण्यांत असंच असतं. क्षणभर सगळं गप्प, आणि मग दुप्पट जोरानं कोसळतं. कोसळलं! मावशीच्या बशीतला चहा ओढणीवर.

"भर ली लगता मिर्ची," आई शांतपणे म्हणाली.

इतक्यात दार ढकलून अल्फिया आत. "काकू, आजचा बास बसला का पोटात?" मग पाहुण्या दिसल्या. बिचारीनं गडबडून सलाम केला.

"बेटी, मशीन चालू छोडके आई?" मुलाच्या आईनं विचारलं.

"कौनसी मशीन, आंटी?"

"मिर्ची की।"

अल्फियानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"मिर्ची नहीं, आंटी. फोन पे बोली थी न मैं? गाने हैं, ड्रम अँड बास. जुम्मे को नये आते, तो जोर से बजाती हूँ।"

फोनवर! म्हणजे यांना आधीच ठाऊक होतं?

"सब लडकियाँ सिलाई-कढाई बताती," आई म्हणाली. "ये बोली, मैं शोर करती हूँ। सच्ची है कि नहीं, बस इतनाच देखने आए थे। और बहनजी ने मिर्ची की बात की, तो हमको लगा लडकीच झूठी है। तू नहीं आती, तो हम उठके चले जाते, बेटी।"

ऐकून माझी थुंकी घशात अडकली. जीव जाईल असा खोकला आला. या वेळी खरा होता हो! पण कोणी पाणीसुद्धा देईना.

लग्न तिथल्या तिथं ठरलं. रुबीनाभाभीनं गल्लीभर पेढे वाटले. त्या दोघी निघताना मुलाची आई माझ्या दारात थांबली, हसली आणि म्हणाली, "बहनजी, लडकी का तो पता चल गया। अब आपके बारे में किससे पूछें?"

विचारायचं तर शेजारीच. माझ्या एका भिंतीला खरंच बोलणाऱ्या अल्फियाचं घर, आणि दुसऱ्या भिंतीला नाली!