सेनापतींची शोकसभा

आमच्या घरात ज्या माणसाचं सुतक पाळलं गेलं, तो माणूस कधी जन्मलाच नव्हता.

हे समजायला आधी आमचे नाना समजायला हवेत. नाना म्हणजे माझे वडील. उभा जन्म शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेला. हा विषय मुलं ऑप्शनला टाकतात हे त्यांना माहीत होतं, तरी ते दर तासाला मतदानाचा शोध कालच लागल्यासारखे शिकवायचे. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक फळा आहे, निवृत्तीनंतर त्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचं खातं त्यांच्याकडे आलं. आई गेली आणि सुविचार थांबला. नानांनी रामकुंडावर सगळं रीतसर केलं, आल्यागेल्याला चहा विचारला, पण डोळ्यांतून टिपूस नाही. मग हळूहळू बोलणंच आटलं. ‘मीठ दे’, ‘पंखा लाव’, यापलीकडे शब्द नाही. घरात माणूस असून नसल्यासारखा असला की काय होतं, ते मी सांगत नाही. मला रडू येतं.

तर अशा घरात माझी मुलगी सई एक जपानी कार्टून बघत होती. (‘बाबा, कार्टून नाही, ॲनिमे!’ बरं बाई, ॲनिमे.) अंतराळातलं महायुद्ध! एकीकडे ताऱ्यांचं साम्राज्य, दुसरीकडे ताऱ्यांचं प्रजासत्ताक, मध्ये जळणारी जहाजं. पेपरामागून एकदम आवाज आला,

“हा राजा निवडून आलाय का?”

कित्येक महिन्यांनी नानांचं पहिलं पूर्ण वाक्य! माझी बायको मनीषा स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. सईने हुशारीने पहिल्या भागापासून पुन्हा लावलं.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर फक्त राजकारण! मालिकेतली मेख अशी, की साम्राज्याचा सम्राट तरुण, देखणा आणि कामसू, तर प्रजासत्ताकात निवडून आलेला एकजात लबाड. त्या लबाडांसाठी लढणारा एकच भला माणूस, त्यांचा सेनापती. झोपाळू, लढाईचा तिटकारा असलेला, पेन्शन घेऊन पुस्तकं वाचत पडावं एवढीच इच्छा, आणि हरायचं काही नाव नाही. त्याचं नाव नानांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्याला नुसतं ‘सेनापती’ म्हणत. पण म्हणताना सरसावून बसत.

“चांगला राजा बरा, की वाईट लोकप्रतिनिधी?” नाना विचारत.

मी सम्राटाच्या पार्टीत. “नाना, शिस्त तरी आहे तिकडे! आपल्या द्वारका चौकात उभे राहून बघा एकदा.”

“द्वारकेला सम्राट नेमलास तरी रिक्षा उलट्याच बाजूने येणार. फरक एवढाच, की मग तक्रार करायची सोय नाही.”

“मला एवढंच सांगा,” मनीषा म्हणाली, “एवढ्या जहाजांवर स्वयंपाक कोण करतं?”

आता तुम्हीच सांगा, बरोबर नाही का? मालिका म्हणून तिच्यातल्या चुका काढायला बसलो तर भाकरी थापायला वेळ उरायचा नाही. शाळेच्या कवायतीसारखी जहाजं रांगेत उभी राहणार. प्रत्येक सरदार आपण काय करणार हे अर्धा भाग समजावून सांगणार, आणि शत्रू ते शांतपणे ऐकून घेणार! आपला नायक हुशार दिसावा म्हणून समोरचे सगळे मठ्ठ. बायका सलाम ठोकायला आणि चहा आणायला. (यावर सई तासभर बोलली. तिचं खरं होतं.) आणि वरून तो धीरगंभीर निवेदक, कोण मरणार ते आधीच फोडणारा. नानांनी निकाल लावला होता, “राज्यशास्त्र उत्तम. गोष्ट सांगणं मात्र काठावर पास.”

आणि एका रविवारी सकाळी तो भाग आला. सईला पुढचं माहीत होतं. तिने “आज नको ना आजोबा, नेट स्लो आहे” करून पाहिलं, पण नाना हटेनात. सेनापती तहाची बोलणी करायला निघाले. निरोपाला कोणी नाही, लढाई नाही, काही नाही. निवेदक म्हणाला, “त्यांचे जहाज पोहोचले नाही.” आणि भाग संपल्याचं गाणं लागलं.

“पुढे?” नाना म्हणाले.

“पुढे ते नाहीत, आजोबा.”

“असं कसं? एका वाक्यात?”

नाना उठले, चपला घातल्या, खाली गेले, थोड्या वेळाने वर आले आणि जेवायला न बसता आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

मी खिडकीतून पाहिलं. पार्किंगमधल्या फळ्यावर नानांच्या टपोऱ्या अक्षरात होतं, ‘लोकशाहीचा शेवटचा प्रामाणिक सेनापती गेला. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली आमच्या घराचा नंबर. मी फडकं घेऊन धावतच खाली गेलो, तर फळ्यासमोर दोन बायका हात जोडून उभ्या! त्यांच्यादेखत श्रद्धांजली पुसणार कशी? मी पण हात जोडले.

वर येतोय तोच दारात तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू. हातात खिचडीचं पातेलं. आपल्याकडे एक रीत आहे, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी आणतात. आणि दुसरी रीत, कोण गेलं हे तोंडावर विचारायचं नाही, आजूबाजूने काढून घ्यायचं. या दुसऱ्या रीतीने माझा घात केला.

“काकू, अहो, तसं काही…”

“काही बोलू नकोस.” काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरलेले. “वय काय होतं रे?”

आता भरल्या डोळ्यांच्या बाईला ‘कार्टून’ कसं सांगायचं? “तिशीतले असतील,” मी म्हणालो.

“अगं बाई! सीमेवर होते?”

“सीमेच्या… बरंच पलीकडे.”

झालं! मिलिटरीतला जावई असावा असं काकूंनी परस्पर ठरवलं आणि जिन्यातून सांगत खाली गेल्या. अर्ध्या तासात चेअरमनसाहेब हजर. “संध्याकाळी पार्किंगमध्ये शोकसभा ठेवतोय. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. फोटो तेवढा द्या, हार आणलाय.”

“फोटो आहे,” सई म्हणाली, “पण त्यात डोळे जरा मोठे आहेत.”

मी तिच्याकडे असं पाहिलं, की ती आत गेली आणि उशीत तोंड घालून हसली. मनीषा मात्र हसत नव्हती. “खरं सांगून मोकळे व्हा,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “लोक तुम्हाला नाही, नानांना हसतील. अख्खी कॉलनी त्यांना सर म्हणते. ते पुन्हा गप्प झाले तर कोण बोलतं करणार?”

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. म्हणूनच मी गप्प बसलो. (माझं लग्न इतकी वर्षं का टिकलं आणि मनीषाला रक्तदाब का आहे, दोन्हीचं उत्तर यात आलं.)

फळ्याचा फोटो तोवर मोबाइलवरून आईच्या माहेरी, विंचूरला पोचला होता. बबनमामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, पिकअपमध्ये बसतील तेवढी माणसं घालून आले. मामांना आजूबाजूने काढून घेण्याची रीत ठाऊक नाही.

“आरं भाच्या, कोण गेलं रं? मला फोन बी नाय केला?”

“मामा, नंतर सांगतो.”

“बरं, नंतर सांग.” आणि मामा सतरंजीवर बसून ओक्साबोक्शी रडायला लागले! “कोणी का आसंना, घरचं माणूस गेलं, लय वंगाळ झालं!”

खुर्च्या भरल्या. माईक आला. चेअरमन म्हणाले, आता कुटुंबाच्या वतीने दोन शब्द. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण माईक हातात आला की मराठी माणसाचं काय होतं ते देवालाही ठाऊक नाही. मी म्हणालो, ते सत्तेच्या मागे कधी लागले नाहीत. पेन्शनशिवाय काही मागितलं नाही. ज्यांच्यासाठी लढले त्यांनीच त्यांना छळलं. पुढच्या रांगेतून “असा माणूस आता होणे नाही” आलं, आणि मला चेव चढला. लोकशाहीवर आलो, तिथून द्वारका चौकावर. सकाळपर्यंत सम्राटाच्या पार्टीत असलेला मी प्रजासत्ताकासाठी गळा काढत होतो!

तेवढ्यात जिन्यात नाना दिसले. माईक माझं भाषण वर नानांच्या खोलीपर्यंत ऐकवत होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नानांनी माईक घेतला.

“मंडळी, हा माणूस खरा नव्हता. माझ्या नातीच्या जपानी मालिकेतला आहे. फळा मी लिहिला. चूक माझी.”

जोशीकाकूंचा पदर डोळ्यांपाशीच राहिला.

“लेखकाने त्याला एका वाक्यात मारला. मला राग आला. म्हटलं, माणूस असा जात नसतो, ही गोष्ट सांगण्यातली चूक आहे. मग वर पडल्या पडल्या आठवलं.” नानांनी चष्मा काढला. “आमची ही अशीच गेली. मी दवाखान्याच्या खाली चहा प्यायला गेलो होतो. वर आलो, तर नर्स म्हणाली, ‘आजोबा, त्या गेल्या.’ एवढंच. लेखकाचं काही चुकलेलं नाही. मी चहा प्यायला जायला नको होतं.”

आणि नाना रडले. सगळ्यांच्या समोर, लहान मुलासारखे. मामा उठले आणि त्यांना मिठीत घेतलं. “रडा दाजी. तुमचं रडायचं ऱ्हायलं व्हतं. ताईला तुमचा चहा ठावा नव्हता व्हय? तिनंच पाठीवलं आसंल तुमाला.”

“हो,” नाना हुंदक्यात म्हणाले. “तीच म्हणाली, घेऊन या जरा.”

एकही माणूस हसला नाही. चेअरमनसाहेबांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, “सभा चालू ठेवू या. आणलेला हार वहिनींच्या फोटोला घालू.” मनीषाने वरून आईचा फोटो आणला. मग आईवर बोलणं निघालं. तिने वॉचमनला पाढे कसे पाठ करायला लावले, काकूंचे पापड पानात वाढून घेऊन वर त्यांना नावं कशी ठेवली. अंधार पडेपर्यंत नाना बोलत होते, मध्येच हसतही होते. मग त्यांनी दोनदा खिचडी वाढून घेतली.

निजायच्या आधी ते सईला म्हणाले, “उद्या पुढचा भाग लाव. आणि एक सांगतो, त्या मालिकेतला सगळ्यात मोठा दोष मला आज नीट कळला. काही पात्रं गरज नसताना फार बोलतात.”

सकाळी खाली उतरलो, तर फळ्यावर कित्येक महिन्यांनी सुविचार होता. ‘दोन शब्द म्हणजे दोनच शब्द.’

खाली नाव कोणाचं नव्हतं. पण वॉचमनने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मला कडक सलाम ठोकला.