साहेबांनी चार्ज दिला

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. इंग्रजी शब्द कानावर पडतील तसे समजून घ्यायचे, कुणाला विचारायचं नाही. 'चार्ज' हा त्यांतलाच. चाळीसगावला आलो तेव्हा ह्यांनी स्टेशनच्या मालधक्क्याचा चार्ज 'घेतला'. म्हणजे काम हाती आलं, असं मी धरलं. पुढे शेजारच्या क्लार्कवर चार्ज 'ठेवला' आणि त्यांची नोकरी गेली. धुळ्याला मिरवणुकीवर लाठीचार्ज झाला, त्यात माझ्या मावसभावाचं डोकं फुटलं. तेव्हापासून तो शब्द आला की मी हातातलं काम टाकून दाराआड कान द्यायची.

त्या आठवड्यात धक्क्यावरच्या कापसाच्या गाठी गहाळ झाल्याची चौकशी चालू होती. ह्यांचं जेवण तुटलं होतं.

दुपारी स्टेशनातला हमाल येऊन ओट्यावर बसलेल्या मामंजींना म्हणाला, "आबा, साहेबनी चार्ज दिना. जेवाले येवाव नईत, वाट नका देखू."

"बरं," एवढंच मामंजी म्हणाले.

मी दाराआड उभी. साहेब म्हणजे हे, पण 'दिला' म्हणजे काय? कुणाला? काढून टाकलं, की पोलिसांनी नेलं? सासूबाई असत्या तर त्यांच्याकरवी विचारलं असतं, पण त्या नणंदेच्या बाळंतपणाला शिरपूरला गेलेल्या. मामंजींसमोर मी कधी बोलले नव्हते. चहा झाला की नुसती दाराची कडी वाजवायची, ते उठून कप घ्यायचे. मी कडी वाजवली.

"आत्ता नको," मामंजी म्हणाले.

मी पुन्हा वाजवली.

"चहा नको म्हटलं ना!"

हमाल निघाला. मग मला राहवेना. डोक्यावरचा पदर पुढे ओढून मी ओट्यावर आले आणि ओरडलेच, "थांबा! धरून नेलं का त्यांना?"

तो वळून हसला. "नई वो वहिनी, कोन धरी? साहेबनी बदली व्हयनी. नवा साहेब उना शे, त्याले बठ्ठा माल दाखाडी राहिनात."

"आणि त्या गाठी?"

"सापडन्यात ना! दुसऱ्या डब्यामा व्हत्यात."

मी उंबऱ्यावरच बसले. मामंजी पाठमोरे होते. बोलतील आता, असं वाटून मी मान खाली घातली. पण त्यांनी उपरण्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बदली कुठे झाली, ते विचार ना. तो चालला बघ."

मी उठले आणि हमालाला हाक मारली.