अर्धी दाढी उधार

चूक मेहुण्याचीच. दाजींच्या हातून एक फुगा न फुटता वाचला, एवढ्यावर त्याने पायांत चपला सरकवल्या, नाक्यावरचं घड्याळजींचं दुकान गाठलं आणि सांगून टाकलं, “दाजींचा हात पूर्वीसारखा झाला. उद्या सकाळी दाढीला या!”

फुग्याची गोष्ट अशी. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात लोकांच्या दाढ्या करण्यात गेलेली. अर्ध्या वस्तीच्या गालांवरचे खाचखळगे त्यांना पाठ. डोळे मिटून दाढी करून दाखवतो, अशी पैज त्यांनी एकदा लावली होती. पैज घेणारे पुष्कळ निघाले, खुर्चीत बसणारा एकही निघाला नाही. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाकडं झालेलं तोंडही जागेवर आलं. उजवा हात मात्र रुसलेल्या जावयासारखा झाला: दहादा विनवावं तेव्हा एकदा हलणार, तोही थरथरत.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, “मोठं काही ठरवूच नका. आज शर्टाचं एक बटण. जमलं की दुसरं.”

मेहुण्याने हे असं उचलून धरलं, जणू त्यालाच सुचलं होतं. तो विमा विकायचा; उत्साह हा त्याच्या धंद्यातला फुकट वाटायचा माल. बटणं जमली. पेला तोंडापर्यंत जाऊ लागला, निम्मा सांडत का होईना. ब्रशने फेस काढता येऊ लागला. मग फुगा. नवशिक्याला गिऱ्हाईकाजवळ जाऊ देण्याआधी फुग्याला फेस लावून त्यावर वस्तरा फिरवायला लावतात. दुसऱ्यांना हे शिकवणारे दाजी आता स्वतःच दुकानामागच्या खोलीत फुगा धरून बसायचे.

फटाक!

“अहो, काय झालं?” ताई स्वयंपाकघरातून विचारायची.

“काही नाही, गिऱ्हाईक गेलं!”

सुरुवातीला ती हसायची. पुढे विचारायचीही थांबली. आवाज झाला की आतली भांडी क्षणभर गप्प व्हायची, तेवढंच.

आणि घड्याळजी? दाजी आजारी पडल्यापासून या जुन्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या कुणापुढे दाढीला मान दिली नव्हती. दाढी वाढत चालली होती. कुणी टोकलं तर म्हणायचे, “माझा कारागीर रजेवर आहे.”

मेहुणा छाती फुगवून परत आला आणि निमंत्रणाची बातमी दिली. दाजींचा चेहरा उतरला.

“तुला कुणी सांगितलं हात सुधारला म्हणून?”

“सांगायला कशाला हवं? फुगा डोळ्यांनी बघितला! टप्पा पार केलात तुम्ही, दाजी.”

दाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मेहुणेबुवा, त्यातली हवा मी आधीच थोडी सोडली होती. मऊ फुगा सहसा फुटत नाही.”

“पण का?”

“तुझ्या ताईला किती दिवस फटाक फटाक ऐकवायचं?”

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. “मी आत्ता जाऊन सांगतो, नका येऊ म्हणून.”

“नको,” दाजी म्हणाले. “येऊ दे. मलाही एकदा कळू दे.”

घड्याळजी आले. वस्तऱ्याला जड जाऊ नये म्हणून वाढलेली दाढी घरीच कात्रीने उतरवून आले होते. खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. “हं. चालू दे.”

दाजींनी फेस लावला. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि वस्तरा उजव्या कानाखाली टेकवला. मेहुणा आरशात बघत होता. वस्तरा हळूहळू खाली आला. गाल निघाला. हनुवटीपर्यंत सगळं स्वच्छ, एक ओरखडा नाही. मेहुण्याने दाराआडच्या ताईकडे पाहून भुवया उडवल्या.

दाजी दुसऱ्या बाजूला आले. हात वर उचलला, तो गळ्याजवळ थरथरायला लागला. डाव्या हाताने कितीही आवळला तरी थांबेना. गळ्यापासून बोटभर अंतरावर पातं नाचत राहिलं. घड्याळजींनी डोळे उघडले नाहीत.

दाजींनी वस्तरा खाली ठेवला.

“झाली?” घड्याळजींनी विचारलं.

“अर्धी झाली.”

“मी करू का पुरी? मशीन आहे माझ्याकडे,” मेहुणा पुढे सरसावला.

“तुझ्याकडे माझी दाढी नसते,” घड्याळजी म्हणाले. फेस टॉवेलने पुसला, उठले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. “अर्धी उधार राहिली.” आणि तसेच, एक गाल गुळगुळीत आणि एक खरबरीत घेऊन, भर रस्त्याने गेले.

“अर्धी म्हणजे काही कमी नाही, दाजी. उद्यापासून पुन्हा फुग्यापासून—”

“तू गप्प बस,” ताई म्हणाली. आजवर ती त्याला असं बोलली नव्हती.

दाजींनी त्यानंतर फुगा हातात घेतला नाही. व्यायामाच्या बाईंना ‘नका येऊ’ म्हणून कळवलं. खुर्ची विकली, दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जमलेली बटणंही सुटली. सकाळी ताईच लावते, वरपासून खालपर्यंत, आणि दाजी लहान मुलासारखे हनुवटी वर करून उभे राहतात. मेहुणा एकदा फुग्यांचं नवं पाकीट घेऊन गेला. “शेजारच्या पोरांना दे,” दाजी म्हणाले.

घड्याळजींनी डाव्या गालाला अजून कुणाला हात लावू दिलेला नाही. पोरं हसतात. परवा त्यांनी मेहुण्याला दुकानातून हाक मारली. “तुझ्या दाजींना सांग, माझी अर्धी बाकी आहे. सवडीने द्या म्हणावं.”

पहिला निरोप मेहुण्याने धावत नेला होता. हा त्याने अजून पोचवलेला नाही.