कुस्तीकडं पाठ

"पाठ कुस्तीकडं अन् तोंड गर्दीकडं! महिनाभर माझ्या अंगणात हेच बोंबलत हुता न्हवं? मग आज तुमचं तोंड कुठं हुतं?" रंगुबाईनं हळदीचा लेप दिराच्या पायावर असा थापला की कोंडीबा कळवळला.

"शिट्टी मारनारच हुतो," तिचे मालक नानासो खाली बघत म्हणाले. "तेवढ्यात आखाड्यातल्या पोरानं ढाक डाव टाकला. लय देखना."

"चीत झालं का मग?" कोंडीबानं पाय विसरून विचारलं.

"तुमी गप पडा, भावजी!"

नानासो पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. चैत्राच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानावर गर्दी सांभाळायला पंचांनी त्यांच्या हाताखाली गावातली दहा पोरं दिली होती. हातात हात गुंफायचे, कुणाला ढकलायचं नाही, बसलेल्याला उठू द्यायचं नाही, आणि मरण आलं तरी मागं वळून बघायचं नाही, असं त्यांनी घोकून घेतलं. अंगणात सगळं झकास जमलं. अंगणात कुस्ती नव्हती ना!

आज तर नुसत्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, शेंबड्या पोरांच्या. तरी पहिला डाव पडला आणि दहाच्या दहा स्वयंसेवक गर्रकन वळले. अकरावे हवालदार. मागची गर्दी मैदानाभोवतीचा दोर तोडून पुढं आली ती कोंडीबाच्या पायावरून.

मोठ्या कुस्त्या उद्या होत्या. पुन्हा दोर तुटला तर हे मैदान कायमचं बंद, असं पंच मघाशी उंबऱ्यात उभं राहून सांगून गेले. तेव्हापासून नानासोंनी चहाला तोंड लावलं नव्हतं.

"कुस्तीचं याड नसलेली मानसं घ्या की," रंगुबाई जरा नरमून म्हणाली.

"आपल्या मुलखात? कुठनं आनू?"

"भायेरनं आलेला त्यो नवा मास्तर?" कोंडीबानं सुचवलं.

"त्यो तर सकाळपास्नं जागा धरून बसलावता!"

रंगुबाई हात पुसत राहिली. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर सुकडी वाटपाची रांग तिनं आणि शेजारच्या सुलाबाईनं सांभाळली होती. भुकेली माणसं, पण एक पोर चेंगरू दिलं नव्हतं.

"आमी बायका हुबं ऱ्हातो," ती म्हणाली.

"मैदानात? अगं, बायकांनी कुस्ती बघायची नसती!"

"बघतंय कोन? पाठ करूनच हुबं ऱ्हायचं न्हवं?"

नियम नानासोंचाच होता.

"पन गर्दी रेटा देती, रंगू."

"कुनाला रेटत्याल? निम्मा गाव आमचा भाचा, निम्मा जावई. म्होरं सासू हुबी दिसली की बसल्या जागी बसतील."

कोंडीबा फिसकन हसला. नानासोंनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि कनवटीची शिट्टी काढून तिच्यापुढं ठेवली.

रंगुबाई उठली. चुलीपुढच्या सासूला, पडवीतल्या दोन्ही पोरांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या दोरावर मी, सुलाबाई अन् गल्लीतल्या बायका. भाकऱ्या घरातली बापयमानसं थापतील."