मालकाची खुर्ची

“उठवा त्याला! आरं उठवा म्हणतोय न्हवं! मालकाच्या खुर्चीत बसलाय त्यो!”

हाक गोलपोस्टाकडून आली. ती अख्ख्या साताऱ्यानं ऐकली, अजिंक्यताऱ्यावर जाऊन आपटली आणि परत येताना जरा चेपून आली, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. पण आवाज माझ्या मामेभावाचा होता आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तो आमच्या क्लबाचा गोलकीपर. आणि खुर्चीत बसलेला उंच गोरा माणूस त्या दिवसापासून आमच्या क्लबाचा मालक होणार होता.

आता आमचा आधीचा मालक कोण, ते सांगायला हवं.

आमच्या मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली हातांची एक सागवानी खुर्ची. ती मालकाची. मालक म्हणजे जागेचा मालक. कुणी म्हणायचं, तिथं पूर्वी एक पैलवान राहायचा. कुणी म्हणायचं, बुंध्यातला नाग. माझी आजी म्हणायची, नाव विचारू नये, विचारलं की तो सांगतो. मॅचच्या आधी खुर्चीवर नारळ आणि पानाचा विडा ठेवायचा, मगच शिट्टी. तिच्यावर कुणी बसत नसे. एकदा एक कावळा बसला होता, तर त्याची काव पुढं जन्मभर अर्धीच निघायची. हा कावळा मी स्वतः पाहिलेला आहे.

नव्वदनंतरची वर्षं होती. हायवेला शिरवळच्या बाजूला पत्र्याच्या शेडांचे कारखाने उगवत होते. त्यातला एक कुठल्याशा थंड मुलखातल्या कंपनीचा. तिच्या मोठ्या साहेबाला फुटबॉलचा भारी नाद. आमचे खेळाडू अकरा आणि बूट सात जोड, त्यामुळे हाफटाइमला कुणाचे पाय मोठे, कुणाचे लहान यावरून टीम ठरायची, हे त्याच्या कानावर गेलं असावं. एक दिवस इंग्रजी कागद आला. आमचे सेक्रेटरी शाळामास्तर. मैदानामागच्या चहाच्या टपरीवर त्यांनी तो अर्थासकट वाचला: सगळ्यांना बूट, जर्सी, मैदानाला पाणी मारायला टँकर आणि गोलकीपरला कारखान्यात पर्मनंट नोकरी. बदल्यात क्लबाचं नाव कंपनीचं आणि साहेब क्लबाचे मालक.

“म्हंजे क्लब इकला म्हना की,” एक जण म्हणाला.

“इकला न्हाई रं, दत्तक दिला.”

“दत्तक दिल्यावर नाव बदलत्यात व्हय?”

“मग! नावच तर बदलत्यात!”

“आन् आधीचा मालक? त्याला कुटं धाडायचा?”

“त्याला काय जर्सी लागती का बूट? बसंल आपला झाडाखाली.”

“परदेशी मालक न्हाई चालायचा आपल्याला.”

“तुझ्या अंगातली पँट कुटली हाय, सांग की.”

“जुन्या बाजारातली!”

टपरी हसून वाकली. तेवढ्यात बाकाच्या टोकाकडून एक धनगर म्हातारा बोलला. हा आमचा सगळ्यात जुना पाठीराखा. दिवाळीनंतर पूर्वेच्या कोरड्या मुलखातून मेंढरं घेऊन निघायचा, जाता-येता साताऱ्याला मुक्काम टाकायचा आणि घोंगडी पांघरून गोलमागं उभा राहायचा. ऑफसाइड त्याला रेफरीपेक्षा चांगलं कळे. कळपाच्या पुढं कोण गेलं, हे ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता.

“त्या कारखान्यामागं वढा हाय,” तो म्हणाला. “गेल्या साली माझी मेंढरं तितलं पानी प्याली. सकाळच्याला उठवाया गेलो, तर निम्मी उठलीच न्हाईत. बसल्या जागी, डोळं उघडं ठिवून.”

“आवं तात्या, मेंढरं रोगानं बी मरत्यात की,” मास्तर म्हणाले.

“मरत्यात. पर रोगानं मेलेल्या मेंढरावर माशी बसती. ह्येंच्यावर एक माशी बसली न्हाई. दोन दिस बसलो हुतो मी तितं.”

मग वाद पेटला, पण आधीसारखा हसरा नाही. त्या साहेबाचे बूट घालून गोल मारायचा आणि ‘जिंकलो’ म्हणायचं का, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, आपण बूट घेतले नाहीत तर ओढा काय गोड होणार आहे? तिसरा म्हणाला, ओढा नाही होणार, पण आपण तरी खारट होणार नाही. हे सगळे बोलताना चोरून माझ्या मामेभावाकडं बघत होते. तो सायकलचे पंक्चर काढायचा. सांगलीच्या एका मुलीशी त्याचं लग्न बोलणीपर्यंत आलं होतं आणि मुलीच्या बापाची अट एकच होती, नोकरी. मुलगी त्याला पसंत होती, आणि इतकी, की त्या महिन्यात त्यानं तीन सायकलींना उलटी चाकं बसवली.

“तू बोल की गड्या,” कुणीतरी म्हणालं.

“सांगलीकर म्हनत्यात, पर्मनंट पायजे,” तो म्हणाला आणि गळ्यातला ताईत चाळवत राहिला.

हा ताईत त्याच्या आईनं लहानपणी बांधलेला. गोलमध्ये उभा राहिला की तो दातांत धरायचा आणि मॅच संपेपर्यंत सोडायचा नाही. बॅकच्या पोरांना सांगायचं ते टाळ्या वाजवून.

शेवटी मास्तरांनी हात वर करायला सांगितले. मामेभावाच्या तोंडाकडं बघून बहुतेकांनी केले. म्हाताऱ्यानं केला नाही. मी हात वर नेला आणि वाटेत कान खाजवून घेतला. मास्तरांनी तो मोजला की नाही, मी कधी विचारलं नाही.

साहेब रविवारी दुपारी चारला येणार होते. त्या दिवशी मॅचही सांगलीच्या टीमशी होती, त्यामुळे मुलीकडची दोन माणसं मुलगा बघायला म्हणून आलेली. सकाळीच कंपनीचा टँकर मैदानावर पाणी मारून गेला. खुर्च्यांचं काम माझ्याकडं होतं. मास्तर घाईत म्हणाले, “मालक यायचेत. मालकाची खुर्ची मधोमध घे. हार घाल.”

मास्तरांना मंडपवाल्याची गादीची खुर्ची म्हणायचं होतं, हे मला नंतर कळलं. पण आमच्या मैदानावर जन्मलेल्या माणसाला ‘मालकाची खुर्ची’ म्हटलं की एकच खुर्ची दिसते. मी कडुनिंबाखाली गेलो. ती खुर्ची हलवायला दोन गडी लागत, दरसाल रंग देताना बघितलेलं. त्या दिवशी ती मी एकट्यानं उचलली. रिकाम्या पाटीसारखी आली. खुर्च्यांच्या रांगेच्या मध्यापर्यंत नेईतो मला सारखं वाटत होतं, मी तिला नेत नाही, ती निघालीय आणि मी नुसता धरून चाललोय.

साहेब आले. सगळे उन्हानं निथळत होते, त्यांना घाम नव्हता. नमस्कार केला, हार नीट बाजूला सारला आणि बसले. एरवी ती खुर्ची वारा लागला तरी कुरकुरायची. साहेब बसले, तर जराही आवाज नाही.

मॅच सुरू झाली आणि काहीतरी बंद पडलं. सांगायला अवघड आहे. चार-पाच हजार माणूस होतं (बरं, चारशे म्हणा) आणि कुणी ओरडत नव्हतं. बॉलला लाथ बसायची, आवाज उशिरा यायचा. कडुनिंबाची पानं अशी थांबली, जशी फोटोत थांबतात. मग माझं लक्ष पलीकडच्या गोलमागं गेलं. म्हाताऱ्याची उरलेली मेंढरं टेकडीवरून उतरून चुन्याच्या रेघेशी येऊन उभी होती. एका ओळीत. पुढ्यात टँकरच्या पाण्याचं डबकं होतं, ऊन असं की जीभ टाळूला चिकटत होती, आणि एकही मेंढरू खाली वाकत नव्हतं. सगळी खुर्चीकडं बघत होती. म्हातारा त्यांच्यात नव्हता. तो माझ्या शेजारी उभा होता.

“तात्या, हाकला की त्यास्नी,” मी म्हणालो.

“ती माझी न्हाईत सगळी,” तो म्हणाला. “माझी इतकी उरली न्हाईत.”

मी मोजायला लागलो आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागून, आमच्या गोलकडून, ती हाक आली. “उठवा त्याला!”

साहेबांना मराठीचा म सुद्धा येत नव्हता. त्यांचा दुभाष्या शहाळं आणायला रस्त्यापर्यंत गेला होता. आम्ही सगळ्यांनी माना वळवून गोलकडं बघितलं. साहेबांनी गोलकडं बघितलंच नाही. त्यांनी मान वळवून मागं, खुर्चीच्या पाठीमागं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. बराच वेळ ते तिथंच बघत राहिले, जसं आपण बोलणाऱ्या माणसाकडं बघतो. मग उठले, मानेवर काहीतरी ओलं लागल्यासारखं रुमालानं पुसलं आणि गाडीकडं चालायला लागले. दुभाष्या दोन शहाळी घेऊन मागनं धावत होता.

पानं हलली. खुर्ची कुरकुरली. लोक एकदम ओरडायला लागले. गोलमागं मेंढरं चरत होती आणि ती मोजकीच होती.

आम्ही ती मॅच हरलो. त्यात गूढ काही नाही, आम्ही नेहमीच हरायचो. पण मामेभावाला पोरांनी खांद्यावर घेतलं. मालकाच्या तोंडावर बोलला! नोकरीवर लाथ मारली! ज्यांनी ज्यांनी हात वर केले होते, ते सगळे संध्याकाळपर्यंत पहिल्यापासून विरोधात होते. तो खांद्यावर गोलपोस्टासारखा ताठ बसून होता, एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, मोठेपणा.

कंपनीकडून पुन्हा कागद आला नाही. बूट सात जोडच राहिले. सांगलीहून निरोप मात्र चार दिवसांत आला: मुलगा चारचौघांत मालकावर ओरडतो, आमच्या मुलीवर ओरडायला त्याला किती वेळ लागेल?

आठवड्यानं मी त्याच्या दुकानात गेलो. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. मी सगळं कबूल केलं. खुर्ची मी ठेवली, चूक माझी, तुझं लग्न माझ्यापायी मोडलं.

“पर तू तरी वरडलास कशाला, गड्या?” मी म्हणालो. “गप उभा ऱ्हायला असतास, तर आज पर्मनंट झाला असतास.”

त्यानं ट्यूब थोडी फिरवली. पाणी स्थिर होतं.

“मी कुटं वरडलो?” तो म्हणाला. “तोंडात ताईत हुता.”