मिल्टनचा पहिला घोट

मिल्टन एचेव्हेरीबरोबर कामाला जायचं म्हणजे डोक्याला ताप. एका बगलेत गरम पाण्याचा थर्मास, दुसऱ्या हातात येर्बाचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, पाला भरलेला पोकळ भोपळ्याचा पेला आणि त्यात पिण्यासाठी खुपसलेली धातूची नळी. नमुन्याचा वजनकाटा उचलायला त्याला तिसरा हात नाही, म्हणून तो मी उचलायचा. आमची मोंतेविदेओची कंपनी काटे बनवते. विक्री माझ्याकडे, हिशेब डार्विनकडे, दुरुस्ती मिल्टनकडे. या दौऱ्यात मोठी ऑर्डर मिळाली नाही तर दुरुस्तीखाना बंद, असं साहेबांनी निघतानाच सांगितलं होतं. म्हणजे साठीच्या तोंडावर मिल्टन घरी. पण त्याला चिंता कसली, तर उकळत्या पाण्याची.

पहिला मुक्काम आसुन्सिओन. तिथे लोक हाच पाला बर्फाच्या पाण्यात घालून पितात. ते पाहून मिल्टनची अन्नावरची वासनाच गेली. "हे पाप आहे, निबिया," म्हणाला. तिथली ऑर्डर हातची गेली त्याचं काही नाही. पुढच्या मुक्कामी, सांता क्रूसमध्ये, हा पाणी तापवत बसला आणि गिऱ्हाईक कंटाळून जेवायला निघून गेलं. मग डोंगरातलं ला पास. तिथल्या उंचीवरच्या विरळ हवेने डार्विनला चक्कर आली, तो हॉटेलात आडवा झाला. उरलो मी, मिल्टन आणि थर्मास.

तिथल्या बटाटेवाल्या बायकांच्या संघाची प्रमुख एउसेबिया चोके; सगळे तिला मानाने डोन्या म्हणायचे. चाळीस काट्यांचा सवाल होता. तिने आमच्या काट्यावर बटाटे ठेवले, काढले, पुन्हा ठेवले आणि मान डोलावली. जमलं होतं. तेवढ्यात मिल्टनने भोपळा काढला.

आमच्याकडे ओतणारा पहिला घोट स्वतः घेतो. तो कोमट, कडूजहर आणि भुकटीने भरलेला असतो. पाहुण्याला देणं म्हणजे त्याचा अपमान. येड्याचा घोट म्हणतात त्याला. मिल्टनने डोळे मिटून तो गिळला, पुन्हा पाणी ओतलं आणि भोपळा मोठ्या प्रेमाने डोन्यापुढे धरला.

बाईने हात पुढे केला नाही.

"आमच्याकडे पहिला घोट जमिनीचा. तुमचा जमिनीला नाही, मला नाही, आधी आपल्या तोंडात," ती म्हणाली. "तुमचा काटापण असाच तुमच्याकडे झुकत असेल."

मी कपाळावर हात मारला. "डोन्या, अहो, पहिला घोट वाईट असतो म्हणून..."

"मग तो वाईटच द्या मला. खरंखोटं कळेल."

पाला बदलून एक घोट द्यायचा, एवढंच. मी मिल्टनला कोपर मारलं. "दे की."

"नाही," मिल्टन म्हणाला. "आजवर कुणाला दिला नाही, यांना कसा देऊ? काटे नको असतील तर राहू द्या, बाई."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. "अरे गाढवा, नोकरी तुझी जातेय, माझी नाही," मी बाईसमोरच ओरडले.

डोन्या एउसेबिया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनेच भोपळा घेतला, पाला झटकला, नवा भरला, पाणी ओतलं आणि तो पहिला घोट बटाट्यांच्या पोत्याशेजारी जमिनीवर ओतला. "ही जमीन काहीही पिते," ती म्हणाली. "आता दुसरा मला."

मिल्टनने ओतला. तिने पिऊन तोंड वेडंवाकडं केलं. "चाळीस काटे. पण बिघडले तर दुरुस्तीला हाच आला पाहिजे. दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर काटेही परत घेऊन जा."

बाहेर येऊन मिल्टन पायरीवर बसला. थर्मासचं झाकण त्याने तीनदा लावलं, तिन्ही वेळा ते वाकडंच बसलं.

"उंचीमुळे," तो म्हणाला.

"हो, उंचीमुळेच," म्हणत मी थर्मास ओढून घेतला. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाला त्याने ओतू दिलं नव्हतं. आज त्याने भोपळाही माझ्याकडे सरकवला. मी नवा पाला भरला, पाणी ओतलं आणि पहिला घोट घेतला. भुकटी दातांत अडकली, घसा कडू झाला. कारखान्यात रोज सकाळी आमच्या आधी हा माणूस हेच गिळत होता.

"कसाय?" त्याने विचारलं.

"घाण," मी म्हटलं, आणि दुसरा भरून त्याच्या हातात दिला.