दाजींच्या हाताला बसणारी रॅकेट

माझे दाजी शिंपी. शिंपी म्हटलेलं त्यांना चालतं, टेलर म्हटलेलं चालत नाही; का, ते विचारायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. शिलाईला दुकानात कारागीर आहेत, पण कापड कापायचं काम दाजी स्वतः करतात. टेबलावर कापड पसरलं, खडूची रेघ मारली, की त्या जाडजूड कात्रीचा कर्रकर्र आवाज सुरू होतो आणि मध्ये कुठे अडखळत नाही. माणूस नाकावर माशी बसू न देणारा. शर्टाचं अगदी गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणार, आणि टेनिस खेळतानाही लावणार. "लावायचं नसेल तर काज कशाला करायचं?" हे त्यांचं उत्तर.

होय, टेनिस. वस्तीच्या मागे एक सार्वजनिक कोर्ट आहे, मधोमध जाळी ओघळलेलं. ताईचं लग्न झालं तेव्हा मेहुण्याशी ओळख व्हावी म्हणून दाजींनी मला तिथे नेलं आणि धू धू धुतलं. तेव्हापासून आम्ही डबल्सचे जोडीदार. त्यांच्या सर्व्हिसला फारसा जोर नाही, पण सांगतील तिथे चेंडू पडतो.

त्यामुळे ती सर्व्हिस जाळीत जायला लागली तेव्हा मी आधी थट्टाच केली. "दाजी, जाळीची तब्येत बरी नाही का? सारखी विचारपूस चाललीय."

ते हसले नाहीत. रॅकेट उलटसुलट करून बघत म्हणाले, "हिचा तोल गेलाय."

हत्यारावर पोट असलेल्या माणसाचं काम बिघडलं, की तो आधी हत्यार तपासतो. धार, तोल, मूठ. दाजींचं सगळं आयुष्य त्यावर चाललं आणि त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. नवी रॅकेट घ्यायची असं ठरलं.

रॅकेटींना तारा भरून देणारे आणि नव्या विकणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे तारवालेच म्हणतात. खेळून बघितल्याशिवाय ते रॅकेट विकत नाहीत. ट्रायलच्या रॅकेटी वेगळ्या खुंट्यांवर टांगलेल्या असतात. घेऊन जा, खेळा, परत आणा. "ताजेपणी सगळ्याच छान वाटतात, मास्तर," ते दाजींना म्हणाले. "दमल्यावर जी आपली वाटेल ती घ्या."

मग त्यांनी मुठीचं माप घेतलं. रॅकेट धरली की बोटांची टोकं आणि तळव्याचा गुबगुबीत भाग यांच्यात एक फट राहते. त्या फटीत एक बोट नीट बसलं पाहिजे. बोट शिरलं नाही तर मूठ बारीक, बोट सैल राहिलं तर मूठ जाड. तारवाल्यांनी दाजींच्या फटीत बोट घातलं आणि जरा हलवून बघितलं.

"जाड होतेय तुम्हाला. इतकी वर्षं तर हेच माप वापरता."

"हल्ली कंपन्या मापात मारतात," दाजी म्हणाले आणि एक माप बारीक मूठ मागून घेतली.

पहिली रॅकेट डोक्याकडे जड निघाली. दुसरी हलकी होती. बॅकहँडला बरी चालली आणि सर्व्हिसच्या वेळी हातातून सुटून थेट कुंपणाला जाऊन आदळली. तिसरीच्या तारा फार ताणलेल्या. चौथीची मूठ गुळगुळीत. दर वेळी आम्ही रॅकेट परत न्यायचो, दर वेळी दाजी आणखी हलकी, आणखी बारीक मुठीची मागायचे, आणि तारवाले दर वेळी कमी बोलायचे. मी मात्र चिडायला लागलो होतो. लग्नासाठी मुली बघताना लोक इतकं नाक मुरडत नाहीत, असं एका सकाळी मी त्यांना तोंडावर सांगितलं.

त्याच सकाळी निघताना दाजींनी कोर्टाच्या फाटकाची कडी डाव्या हाताने काढली. त्यांचा उजवा हात रिकामा होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. आणि तेव्हाच मला दिसलं, की त्यांच्या गळ्याचं बटण उघडं आहे.

मी ताईकडे गेलो. ती इस्त्री करत होती. मी काही बोलायच्या आत तिने कपाटातून दाजींचे शर्ट काढले आणि माझ्यासमोर पसरले.

"काजं बघ."

प्रत्येक शर्टाची काजं कापून मोठी केलेली होती. कडा नीट शिवलेल्या नव्हत्या; दाजींच्या हातचं वाटू नये इतके ओबडधोबड टाके.

"म्हणतात, काजं आवळलीत," ताई म्हणाली. "काजं कधी आवळतात का रे? कात्रीला सारखी धार लावून आणतात. आता जाड कापड कारागीर कापतो, आणि हे पलीकडच्या खोलीत जाऊन बसतात. कात्रीचा आवाज ऐकवत नाही ना त्यांना."

"तू डॉक्टरचं काढलं नाहीस?"

"काढलं तर जेवणावरून उठतात. माझं नाही ऐकत. खेळातलं तुझं ऐकतील. तू बोल."

मला भीती वाटली, सरळ सांगतो. दाजींचा हात म्हणजे नुसता हात नव्हे. त्या हातातून कात्री गेली, तर पलीकडच्या खोलीत बसलेल्या माणसाचं काय करायचं, हे ना ताईला ठाऊक होतं, ना मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार वारा सुटला होता. दाजींनी चेंडू उचलायला हात खाली नेला, आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा मला जवळून दिसली. तिथे मांस असायला हवं होतं. खळगा होता. चेंडू दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो डाव्या हाताने घेतला.

"दाजी, डॉक्टरकडे चला."

"डॉक्टर रॅकेटी विकतो का?"

"पुरे झालं आता. ताईने शर्ट दाखवले मला."

ते रॅकेटच्या तारा बोटाने सरळ करत राहिले. सरळच होत्या त्या. मग म्हणाले, "तारवाल्यांच्या दुकानात चल. त्यांच्याकडे असेल ती हलक्यात हलकी मागतो. ती बसली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही बसली तर तू म्हणशील तिथे येतो."

तारवाल्यांनी अगदी वरच्या खुंटीवरची रॅकेट काढून दिली. "शाळेतल्या पोरांची आहे ही, मास्तर. याहून बारीक मूठ येत नाही."

दाजींनी ती उजव्या हातात धरली. तारवाल्यांनी फटीत बोट घातलं. मग त्याच्या शेजारी दुसरं घातलं. दोन्ही बोटं आरामात बसली. त्यांनी बोटं पटकन काढून घेतली नाहीत.

"ठीक आहे," दाजी म्हणाले. "डाव्याने खेळेन. कात्रीही डाव्याची मिळते. शिकेन." त्यांनी हात बदलला आणि पुढे केला. "याचं माप घ्या."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. हट्टी माणूस आहे, शिकेलही, असं मनात आलं. तारवाल्यांनी डाव्या हाताच्या फटीत बोट घातलं. जरा हलवलं. खूप वेळ खाली बघत राहिले.

"बसतंय," ते म्हणाले.

"तारवाले, मी गिऱ्हाइकाला कधी खोटं माप सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका."

तारवाल्यांनी बोट काढून घेतलं. "इथेही थोडं सैल आहे, मास्तर."

दाजींनी रॅकेट काउंटरवर ठेवली. मूठ मालकाकडे करून ठेवली, कात्री देतात तशी. तारवाल्यांना त्यांनी नमस्कार केला आणि आम्ही बाहेर आलो. वारा अजून होता. पायरीवर ते माझ्याकडे वळून उभे राहिले, दोन्ही हात तसेच खाली ठेवून, आणि त्यांनी हनुवटी वर केली.

"बटण लाव," ते म्हणाले.

मी लावलं. काज इतकं मोठं करून ठेवलं होतं, की ते लगेच निसटलं.